भूत कुणाला करायचं?

पोरांच्या हाती मोबाइल दिला आणि ‘तुमच्या मनानं सिनेमा काढा’ म्हटलं, की पहिली गोष्ट भुताचीच निघते. मी सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. गॅदरिंगला नाचगाण्यांच्या जोडीनं लघुपट दाखवायची पद्धत पडली तेव्हापासून हे पाहत आलेय. शिक्षकांच्या खोलीतला वादही दर वर्षी तोच. विज्ञानाचे सर म्हणतात, एकीकडं आपण अंधश्रद्धा निर्मूलनाची व्याख्यानं ठेवायची आणि दुसरीकडं मुलांना भुतं नाचवू द्यायची, हे बसत नाही. वरिष्ठांना गावातून तक्रार येईल याची काळजी. मग विषय बदलून घेतला जातो: पाणी वाचवा, झाडे लावा, मोबाइलचे दुष्परिणाम. मुलं मुकाट्यानं तो सिनेमा करतात आणि स्वतःला हवा तो उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या नकळत उरकतात.

माझं म्हणणं सरळ आहे. भुताचा सिनेमा मुलांना शाळेतच करू द्यावा. ‘पाणी वाचवा’ हा आपण दिलेला विषय असतो, भीती हा त्यांचा स्वतःचा. स्वतःच्या विषयावर मूल जेवढी मेहनत घेतं तेवढी आपण दिलेल्यावर कधी घेत नाही, हे कुठलाही शिक्षक सांगेल. पण करू देताना दोन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर मिळेपर्यंत पिच्छा सोडू नये. तू भूत कुणाला केलंस? आणि हे बघायला समोर कोण बसणार आहे? मुलांना हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. पटकथेच्या वहीत ‘पात्रं’ एका पानावर असतात, ‘प्रेक्षक’ दुसऱ्या. मला मात्र ते एकमेकांत पुरते गुंतलेले दिसतात, आणि आमच्यासारख्या गावात तर ते सोडवताच येत नाहीत.

यंदा अकरावीच्या एका गटानं लिहून आणलेली गोष्ट माझ्या टेबलावर आहे. पुण्याला शिकणारे चार मित्र रात्रीच्या गाडीनं मोडनिंब स्टेशनवर उतरतात. गावाकडं चालत येताना विहिरीपाशी पांढऱ्या साडीतली बाई दिसते. दुसऱ्या दिवशी गावातलं एक पोर नाहीसं होतं. त्याआधी एक दाढीवाला गोसावी दारोदार फिरून गेलेला असतो. शेवटी कळतं, की विहिरीवरची बाई म्हणजे मुलगा गेल्यावर वेड लागलेली एक विधवा. पहिल्या पानावर ठळक अक्षरात ‘सत्य घटनेवर आधारित’, आणि शेवटच्या पानावर, स्पर्धेच्या अर्जात रकाना असतो म्हणून, ‘टार्गेट ऑडियन्स: १५ ते २५ वयोगट’.

पोरं हुशार आहेत. गोष्ट बांधीव आहे, मध्ये एक चकवाही चांगला टाकलाय. म्हणूनच तिच्याशी भांडावंसं वाटतं.

आधी ती पांढरी साडी. मोडनिंबच्या आठवडी बाजारात उभं राहून बघा, पांढऱ्या साडीतली बाई शोधून सापडायची नाही. नवरा गेलेल्या बायका इथं फुलाफुलांच्या सहावारीत भाजी विकतात, बचत गटाचे हप्ते गोळा करतात, पोरांच्या फीसाठी शाळेत येऊन आमच्याशी हुज्जत घालतात. मग ही साडी आली कुठून? ‘वो कौन थी’ हा राज खोसलांचा सिनेमा १९६४ चा. त्यात पावसात भिजत उभी असलेली पांढऱ्या साडीतली साधना. तिथून ती साडी एका सिनेमातून दुसऱ्यात, तिथून टीव्हीवर आणि आता रीलमध्ये आली. ज्या पोरानं पटकथा लिहिली त्याला मी विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, पांढरी साडी घातल्याबिगर भूत हाय हे कळणार कसं?’ त्याच्या हिशेबानं बरोबरच आहे. प्रेक्षकाला झटकन कळावी अशी खूण त्याला हवी होती. पण ती खूण विधवेची आहे. नवरा नसलेली बाई रात्री दिसली तर घाबरायचं, एवढंच ती सांगते, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांना ते कळतं. त्यात नवरा नसलेल्या बायकाही असतात.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायचं आवाहन केलं. त्या चळवळीचा पाठपुरावा करणारे प्रमोद झिंजाडे आमच्या शेजारच्या करमाळ्याचे. तिकडं ग्रामसभांमधून एक गोष्ट पुसायचा प्रयत्न चाललाय आणि इकडं आमची पोरं अजाणता तीच गिरवताहेत. अजाणता म्हणूनच त्यांना सांगायला हवं. सिनेमा बंद करून ते सांगता येत नाही.

बरं, आपल्या जुन्या भुतांना असं कुणी फुकाफुकी भूत केलेलं नव्हतं. त्यांची माहिती आपल्याला मिळाली तीही एका चमत्कारिक वाटेनं. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांना २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी नाटकगृहात गोळ्या घातल्या, त्यांना लोकसमजुती गोळा करायचा नाद होता. त्यांच्या पश्चात ती टिपणं छापली गेली आणि पुढं एन्थोवेन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्यात भर घालून १९२४ मध्ये मुंबई इलाख्याच्या लोकसमजुतींवर जाडजूड पुस्तक केलं. त्यातली बरीचशी माहिती गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नावली भरून पाठवलेली होती. भुतांची पहिली मोठी खानेसुमारी आमच्या पेशातल्या माणसांनी केली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्या यादीत बघितलं तर प्रत्येक भुताला चरित्र आहे. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोरगा मुंजा होतो आणि पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. समंध ब्राह्मणाचा, खवीस कुठं मुसलमानाचा तर कुठं गावकुसाबाहेरच्या माणसाचा. जिवंतपणीची जातपात मेल्यावरही सुटलेली नाही, ही त्यातली कडू गोष्ट. पण त्या भुतांना मरणाचं कारण होतं. बाळंतपणात बाया पटापट मरत होत्या त्या काळातली हडळ ही गावाची बोच होती. आपण हिला वाचवू शकलो नाही, आता ती परत येणार, ही धास्ती त्यामागं होती. आमच्या पोरांच्या विहिरीवरच्या बाईला मरणाचं कारण तर सोडाच, नावही नाही. वहीत तिच्यापुढं नुसतं ‘म्हातारी (वेडी)’ लिहिलंय. पुण्याहून आलेल्या चारही मित्रांना मात्र नाव आहे, आडनाव आहे, एकाला तर मोटारसायकलचं मॉडेलसुद्धा आहे.

इथं मला प्रेक्षकाच्या रकान्याचा खरा अर्थ कळतो. हिरो पुण्याचे, भूत मोडनिंबचं. लिहिणारी पोरं इथलीच, कुणी बावीची, कुणी अरणची, कुणी स्टेशनजवळच्या गल्लीतली. तरी कॅमेरा गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्याच्या खांद्यावर. कारण मनात धरलेला प्रेक्षक पुण्याच्या स्पर्धेतला परीक्षक आहे, नाहीतर मोबाइलवर रील सरकवणारं कुणी अनोळखी पोरगं. त्या प्रेक्षकाला गाव भयाण दिसावं लागतं, गावातली माणसं विचित्र दिसावी लागतात. प्रेक्षक लांबचा धरला की जवळची माणसं आपोआप भुतं होतात. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ टीव्हीवर आली तेव्हा कोकणातून लोकांनी आक्षेप घेतले होते, की आमचा भाग म्हणजे नुसती भुताटकी आणि करणी असं चित्र होतंय. मालिका लोकांनी आवडीनं पाहिली, कोकणातही पाहिली, पण तो आक्षेप मला खोटा वाटत नाही. तिथं निदान दुसऱ्या कुणी आपलं चित्र काढलं अशी तक्रार करता आली. आमची पोरं आपलं चित्र आपणच असं काढताहेत.

आता त्या गोसाव्याविषयी. यावर मी थांबून लिहिणार आहे, कारण वर्गात मला यावर बोलताना त्रास होतो.

१ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं भिक्षा मागायला आले होते. बहुतेक जण आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा व्हॉट्सअॅपवरून त्या भागात आधीच पसरली होती. कुणीतरी संशय घेतला, जमाव जमला, बाजारात मारहाण झाली, मग त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथं ते पाचही जण मारून टाकले गेले. मारणाऱ्यांसाठी ते अनोळखी होते. गोसावी, झोळी, अनोळखी बोली आणि जवळपास खेळणारी मुलं, एवढ्यावरून त्यांच्या डोक्यात एक अख्खी गोष्ट तयार होती. ती गोष्ट कुणीतरी आधी सांगितलेली होती, अनेकदा सांगितलेली होती, म्हणून ती तयार होती.

आमच्या पटकथेतल्या गोसाव्यानं शेवटी काहीच केलेलं नसतं. तो नुसता चकवा आहे. प्रेक्षकाचा संशय त्याच्यावर जावा आणि भूत भलतंच निघावं, एवढ्यापुरता. लिहिणाऱ्या पोरांना वाटतं, त्याला आपण निर्दोष दाखवलाय, मग बिघडलं काय? बिघडलं हे, की अर्धा सिनेमाभर त्याच्याकडं बघून घाबरायची सवय प्रेक्षकाला लावली. तो निर्दोष असल्याचं एका वाक्यात सांगितलं, पण भीती पंधरा मिनिटं दाखवली. लोक घरी जाताना काय घेऊन जातात? आमच्या शाळेत भटक्या जमातींची मुलं शिकतात. ती गॅदरिंगला पुढच्या रांगेत बसतात, कारण लवकर येतात. डौर घेऊन फिरणारा माणूस पडद्यावर आला आणि मागून कुणी ‘पळा, पोरं धरतंय’ असं ओरडलं, तर त्या मुलांनी कुठं बघायचं?

मी पोरांना राईनपाड्याची हकिकत सांगितली तेव्हा वर्गात चांगलीच शांतता झाली. कुणालाच ती माहीत नव्हती. घडली तेव्हा ही मुलं तिसरी-चौथीत असतील.

‘सत्य घटनेवर आधारित’ या ओळीचंही तेच. ती ओळ पोरांनी कुठून घेतली ते मला माहीत आहे. १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ची कथा त्यांना पाठ आहे. फिल्म शिकणारी तीन मुलं जंगलात हरवतात आणि त्यांनीच केलेलं चित्रीकरण नंतर सापडतं, असा तो सिनेमा. नटांनी स्वतःचीच नावं वापरली, ती मुलं हरवल्याची पत्रकं वाटली, वेबसाइटवर खोटी कागदपत्रं टाकली आणि नगण्य पैशात केलेला तो सिनेमा जगभर चालला. प्रेक्षक कसा गाठावा याचा तो धडा म्हणून सांगितला जातो. अमेरिकेच्या त्या जंगलात हे खपलं असेल. आमचं गाव महामार्गावर असलं तरी गावच आहे. इथं ‘सत्य घटना’ म्हटलं की लोक घर शोधतात. मुलगा गेलेली, जराशी भ्रमिष्ट झालेली म्हातारी कुठल्या गल्लीत राहते, हे सिनेमा संपायच्या आत ठरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी तिच्या दारासमोरून पोरं पळत जातात. आणि तिच्या सुनेला कुणी विचारतं, ‘तुमच्याच सासूबाईंचं हाय काय वं ते?’

इथं आमच्या विज्ञानाच्या सरांना उत्तर द्यायचंय. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. तो कायदा भुताच्या गोष्टींना मनाई करत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, एखाद्या माणसाला जादूटोणा करणारा ठरवून त्याचा छळ करणं, असल्या कृत्यांना करतो. फरक नीट पाहिला पाहिजे. गोष्टीतल्या हडळीनं कुणाचं वाईट होत नाही, गल्लीतल्या बाईला हडळ ठरवलं की होतं. मुलांचा सिनेमा या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे, हे तपासणं हे आमचं काम. विषयच नाकारला की तपासायची संधीही गेली.

आता समोर बसणाऱ्यांकडं वळते. ‘१५ ते २५’ हा आकडा पोरांनी कुठल्या तरी मार्केटिंगच्या व्हिडिओतून उचललाय. सिनेमाच्या प्रमाणपत्रातही आता वयाचे टप्पे आले आहेत, २०२४ पासून यूए मध्ये सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे तीन भाग झाले. पण शाळेच्या पटांगणातल्या पडद्यापुढं वयोगट बसत नाही, गाव बसतं. मांडीवर पेंगणारं बालवाडीतलं पोर असतं. घरचं आवरून, डोक्यावरून पदर घेऊन आलेली आजी असते. हंगाम असेल तर ऊसतोडीला आलेल्या टोळीतली पोरं कोप्यांवरून येऊन मागं उभी असतात. मास्तर असतात, सरपंच असतात, कुणाचा तरी मामा असतो.

गेल्या वर्षी लपूनछपून केलेला एक सिनेमा शेवटी परवानगी मिळून या पटांगणात दाखवला गेला. पांढऱ्या साडीतलं भूत त्यातही होतं. ते झाडामागून बाहेर आलं आणि बायकांच्या बाजूनं आवाज आला, ‘आगं, ही तर आमच्या आक्काची साडी!’ हशाच हशा. भूत झालेला पोरगा मिशा काढायला तयार नव्हता, तेही दिसत होतं.

पण त्याच सिनेमात एक प्रसंग होता, जो पोरांनी भरतीला टाकला होता. सिनेमाची लांबी कमी पडत होती म्हणून. एक शेतकरी रात्री दारं धरायला जातो. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, खांद्यावर खोरं, हातात बॅटरी. बायको म्हणते, फोन उचला बरं का. तो ‘हूं’ म्हणतो. रानात जाऊन स्टार्टरची पेटी उघडतो, बटण दाबतो, मोटर घुरघुरते आणि बंद पडते. पुन्हा दाबतो. पाणी येतं. सरीतून पाणी पुढं सरकायला लागतं आणि तो बॅटरी घेऊन पाण्याच्या बरोबरीनं चालायला लागतो. शेजारच्या सरीत, उसात, पाचट वाजतं. तो थांबतो, वाजणं थांबतं. तो चालतो, पुन्हा वाजतं. फोन वाजतो. त्याला उचलायला हात मोकळा नाही.

एवढंच. काही दिसत नाही, काही निघत नाही. पण पटांगण गपगार झालं होतं. माझ्या शेजारी बसलेल्या मावशींनी माझं मनगट धरलं.

आमच्याकडं उजनीचं पाणी आलं तसा ज्वारीच्या आणि बोरीच्या रानांत ऊस आला. उसाला पाणी लागतं, आणि शेतीपंपाची थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की घरातलं कुणी ना कुणी अंधारात उसात उभं असतं. सापाची भीती आहेच. २०२० च्या डिसेंबरात शेजारच्या करमाळा तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, शेवटी त्याला गोळी घालावी लागली. तेव्हापासून उसातल्या आवाजाचा अर्थच बदलला. मावशींचा मुलगा त्या रात्री घरी होता, पण त्याची पाळी पुढच्या आठवड्यात होती. पोरांनी नकळत बरोबर त्या जागी बोट ठेवलं होतं.

या प्रसंगातलं पात्र कसं उभं राहिलं ते मी वर्गात पुन्हा पुन्हा दाखवलं. त्याला नाव नाही, संवाद एक ‘हूं’. तरी तो कोण हे सगळ्यांना ठाऊक झालं, कारण टॉवेल बांधायची त्याची रीत खरी होती, बटण दोनदा दाबणं खरं होतं, बायकोचं काळजीनं बोलणं खरं होतं. पांढऱ्या साडीला बघून लोकांनी घाबरावं अशी पोरांची अपेक्षा होती. या माणसाला बघून लोक त्याच्यासाठी घाबरले. भयपटातलं पात्र घडवणं म्हणतात ते हेच असावं असं मला वाटतं, आणि त्यासाठी लागणारं सगळं सामान मोडनिंबच्या शिवारात पडलेलं आहे.

मराठी मातीतले जे भयपट लोकांनी डोक्यावर घेतले त्यांच्यातही हेच दिसतं. विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ २०१७ चा. गरोदर बाई उसाच्या फडातल्या घरात येऊन राहते, भुतं दिसतात, आणि हळूहळू कळतं, की भ्यायचं ते घरातल्या माणसांना, मुलगी नको म्हणणाऱ्यांना. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागं मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४ झाल्या. हे आकडे त्या फडात भूत होऊन उभे आहेत. पुढं त्याचा हिंदीत ‘छोरी’ झाला, म्हणजे ऊस न बघितलेल्यांपर्यंतही तो पोचला. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला तेव्हा थिएटरात बेताचाच चालला. २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. सहा वर्षं प्रेक्षकाला त्याच्याकडं यायला लागली, कारण तो कुठल्याही वयोगटाकडं बघून केलेला नव्हता. हाव सुटलेला माणूस कसा दिसतो हे नीट बघून केलेला होता.

आणि विद्यार्थ्यांच्या सिनेमाचंच म्हणाल तर लांब जायलाच नको. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट अहमदनगरला शिकत असताना, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेला. शाळेत जायची ओढ लागलेल्या पारधी पोराची गोष्ट. पारधी म्हटलं की चोर, ही गावाच्या डोक्यातली तयार गोष्ट. त्यांनी ती तशीच उचलली नाही, त्या पोराच्या डोळ्यांतून उलटी धरली, आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. तो भयपट नव्हे, पण गोसाव्याचं पात्र लिहिणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी तोच दाखवते. ज्याला बघून गाव दार लावून घेतं, त्याच्या बाजूनं दाराकडं बघून लिही म्हणते. भीती तिथंही आहे. अनोळखी गावात बाजाराच्या दिवशी चार माणसं आपल्याकडं टक लावून बघायला लागली, यापेक्षा भयानक सुरुवात कुठल्या सिनेमाला हवी?

एक गोष्ट राहिली, आणि तिच्यावरच बाकीचं सगळं अडलंय. आमच्या पोरांच्या सिनेमात बाईचं भूत नेहमी पोरगाच का होतो? कारण रात्रीच्या चित्रीकरणाला मुलींना घरून सोडत नाहीत. वर्गात मुली जास्त वाचतात, जास्त चांगलं लिहितात, पण सिनेमाच्या गटात त्या ‘वेशभूषा’ आणि ‘सूत्रसंचालन’ यापुढं जात नाहीत. मग बाईचं पात्र पोरं लिहितात, पोरं नेसतात, पोरं चित्रित करतात, आणि ते एकतर हडळ होतं नाहीतर हसू. यंदा मी त्या पटकथेची वही दोन मुलींकडं दिली. त्यांनी विहिरीवरच्या बाईला आधी नाव दिलं. मग तिचं रात्री विहिरीवर असण्याचं कारण शोधलं: नवरा नाही, मुलगा नाही, लाईट रात्रीची, दारं धरायला दुसरं कुणी नाही. आता गोष्ट तिच्या बाजूनं चालते. रात्री एकटी रानात आहे, आणि स्टेशनाकडून चार अनोळखी पोरं मोबाइलचा उजेड पाडत तिच्याकडं येताहेत. गोसाव्याचं पात्र त्यांनी काढून टाकलं नाही. पहाटे तिच्याशी दोन शब्द माणसासारखे बोलणारा तेवढा एकच माणूस आहे. ‘सत्य घटनेवर आधारित’ खोडलंय. प्रेक्षकाच्या रकान्यात लिहिलंय: आमची आई, आजी आणि शेजारचे सगळे.

पोरांनी कुरकुर केली, पण गटातल्या चौघांपैकी तिघं त्या अनोळखी पोरांची कामं करायला तयार आहेत. चौथ्याला आवाजाचं काम दिलंय, कारण पाचट वाजवायला त्याच्याइतकं जमत नाही कुणाला. चित्रीकरण लाईटच्या वेळापत्रकावर ठरेल. ज्या आठवड्यात थ्री फेज रात्री असेल त्या आठवड्यात, स्टेशनच्या अलीकडच्या रानात, रात्री दहाच्या आत आटोपेल असं बघतोय. मुलींना न्यायला-आणायला मी आहे, दोघींच्या आयाही येतो म्हणाल्या आहेत. पालकांना दाखवायला शाळेनं आपल्या लेटरहेडवर एक पत्र द्यावं, आणि गॅदरिंगच्या कार्यक्रमपत्रिकेत या सिनेमाला नाचांच्या आधीची वेळ द्यावी, म्हणजे आज्या झोपायच्या आत तो त्यांना बघता येईल.